लॅपटॉपवर जड कणांचा शोध: सर्नच्या खुल्या डेटावर पहिलं काम

जिनिव्हाजवळच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये (एलएचसी) झालेल्या प्रोटॉनांच्या टकरींचा डेटा घरी बसून उतरवून घेता येतो, हे भौतिकशास्त्राच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊक नसतं. हे यंत्र चालवणाऱ्या सर्न या प्रयोगशाळेने नोव्हेंबर २०१४ मध्ये ओपन डेटा पोर्टल सुरू केलं. एलएचसीवरच्या मोठ्या डिटेक्टरांपैकी एक असलेल्या सीएमएस प्रयोगाने त्यावर आधी २०१० च्या टकरी ठेवल्या, पुढे २०११ आणि २०१२ च्याही. खातं उघडावं लागत नाही, कोणाची शिफारस लागत नाही, पैसे तर नाहीच नाहीत. बारावीपर्यंतचं गणित, तोडकंमोडकं पायथन आणि बऱ्यापैकी इंटरनेट एवढ्यावर सुरुवात होते.

आधीच सांगून टाकतो: नवा कण सापडणार नाही. २०१२ चा डेटा सीएमएसच्या लोकांनी पिंजून काढलेला आहे. झेड बोसॉनसारखाच पण त्याहून जड असा एखादा कण, ज्याला झेड-प्राइम म्हणतात, तो त्याच्या सर्वांत साध्या नमुन्यात २.९ टीईव्हीपर्यंत तरी नाही, हे त्या डेटातून तेव्हाच ठरलं. (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान जीईव्हीत मोजतात; प्रोटॉनचं वस्तुमान सुमारे १ जीईव्ही, हजार जीईव्हींचा एक टीईव्ही, आणि जीईव्हीचा हजारावा भाग एमईव्ही.) मग आपण हे करायचं कशाला? कारण जड कणाच्या शोधातलं बहुतेक काम कण सापडण्याच्या आधीचं असतं. अवजार नीट मोजतंय का ते तपासणं, बॅकग्राउंड (म्हणजे हव्या त्या कणाशिवाय इतर कारणांनी येणाऱ्या तशाच नोंदी) ओळखणं आणि स्वतःच्या उत्साहाला वेसण घालणं. ते सगळं या जुन्या डेटावर अगदी खऱ्यासारखं शिकता येतं.

वाटा अनेक आहेत; आपण म्युऑनांच्या (म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) जोडीची वाट धरू. सर्वांत स्वच्छ तीच.

पायरी १: काय शोधतोय ते आधी समजून घ्या

जड कण डिटेक्टरमध्ये दिसत नाही, दिसतात ते त्याच्या क्षयातून निघालेले हलके कण. झेड बोसॉन घ्या. वस्तुमान ९१.१९ जीईव्ही, म्हणजे प्रोटॉनच्या साधारण ९७ पट. आयुष्य मात्र २.६ गुणिले १० चा उणे २५ वा घात, इतके सेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा प्रोटॉनच्या त्रिज्येचा दहावा हिस्सा ओलांडत नाही. झेड जन्मतो तिथेच संपतो. शंभर झेडमधले सत्तरेक क्वार्कांत (प्रोटॉन ज्यांचे बनतात ते कण) मोडतात, वीसेक न्यूट्रिनोंत (ते डिटेक्टरला दिसतच नाहीत) आणि जेमतेम तीन-साडेतीन म्युऑन-प्रतिम्युऑनच्या जोडीत. आपण या तीन-साडेतिनांच्या मागे जायचं, कारण म्युऑन ओळखायला सोपा. बाकीचे बहुतेक कण कॅलरीमीटरमध्येच, म्हणजे कणांची ऊर्जा शोषून मोजणाऱ्या थरातच, अडकतात. म्युऑन तो पार करून चुंबकाभोवतीच्या लोखंडाच्या थरांमधूनही बाहेर पडतो, आणि तिथे खास त्याच्यासाठी बसवलेले कक्ष त्याची नोंद घेतात.

दोन म्युऑन मिळाले की त्यांची ऊर्जा आणि संवेग एकत्र करून मूळ कणाचं वस्तुमान काढता येतं. याला इन्व्हेरियंट मास म्हणतात. सीएमएस प्रत्येक म्युऑनसाठी तीन गोष्टी देतं: किरणरेषेला (प्रोटॉनांचे झोत धावतात ती रेषा) काटकोनात असलेला संवेग म्हणजे पीटी, किरणरेषेशी असलेल्या कोनावरून काढलेला आकडा ईटा, आणि रेषेभोवतीचा कोन फाय. ईटा शून्य म्हणजे बरोबर काटकोनात, ईटा २.४ म्हणजे रेषेपासून फक्त दहा अंशांवर. सीएमएसला म्युऑन नीट दिसतात ते ईटा २.४ पर्यंतच.

सूत्र शब्दांत असं: दोन्ही पीटींचा गुणाकार करून त्याची दुप्पट करा. ईटामधल्या फरकाचा हायपरबोलिक कोसाइन काढा, त्यातून फायमधल्या फरकाचा साधा कोसाइन वजा करा. या दोन उत्तरांचा गुणाकार म्हणजे वस्तुमानाचा वर्ग.

हे एकदा हातानेच करा. पीटी ४६ आणि ४३ जीईव्ही, ईटामधला फरक ०.५, फायमधला ३.० रेडियन. ४६ गुणिले ४३ ची दुप्पट ३९५६. ०.५ चा हायपरबोलिक कोसाइन १.१२८, ३.० चा कोसाइन उणे ०.९९०, वजाबाकी २.११८. गुणाकार सुमारे ८३७९ आणि त्याचं वर्गमूळ ९१.५ जीईव्ही. ही जोडी झेडमधून आली असण्याची दाट शक्यता आहे. खात्री मात्र नाही. एकट्या इव्हेंटबद्दल (टकरीच्या एका नोंदीबद्दल) खात्रीने काहीच बोलता येत नाही, हा या विषयातला पहिला धडा. जे काही बोलायचं ते ढिगाबद्दल.

(सूत्रात म्युऑनचं स्वतःचं वस्तुमान, ०.१०६ जीईव्ही, शून्य धरलं आहे. झेडला त्याने काही बिघडत नाही. ३ जीईव्हीच्या आसपास काही एमईव्हीचा फरक पडतो, तिथे पूर्ण सूत्र वापरा.)

पायरी २: अवजारं

गूगल कोलॅब उघडा किंवा स्वतःच्या संगणकावर जुपिटर नोटबुक बसवा. पायथनमध्ये नमपाय, पांडाज आणि मॅटप्लॉटलिब लागतील. पुढच्या मोठ्या फाइलीसाठी अपरूट आणि ऑकवर्ड. सर्नचं स्वतःचं सॉफ्टवेअर रूट हे आहे आणि पुढे या क्षेत्रात राहायचं तर ते शिकावंच लागेल, पण पहिल्याच दिवशी त्याच्याशी झटापट करू नका. ते बसवता बसवताच अनेकांचा उत्साह मावळतो.

पायरी ३: आधी छोटी फाइल

पोर्टलवर सीएमएसच्या २०११ च्या दोन-म्युऑन संचातून काढलेली १ लाख इव्हेंटांची सीएसव्ही फाइल आहे. ती घ्या. प्रत्येक ओळ म्हणजे एक इव्हेंट: रनचा क्रमांक, इव्हेंटचा क्रमांक, मग पहिल्या म्युऑनची ऊर्जा, संवेगाचे तीन घटक, पीटी, ईटा, फाय आणि विद्युतभार, तसंच दुसऱ्याचं, आणि शेवटच्या रकान्यात वस्तुमान तयार काढून ठेवलेलं. या फाइलीत २ ते ११० जीईव्हीमधल्याच जोड्या आहेत, हे विसरू नका. ११० ला आलेख कड्यासारखा तुटतो तो निसर्गामुळे नाही, फाइल बनवणाऱ्याने तिथे रेघ मारल्यामुळे.

शेवटच्या रकान्याकडे न बघता वस्तुमान तुम्ही काढा आणि मग ताडून पाहा. फरक तिसऱ्या-चौथ्या दशांशात असेल तर पुढे चला. मोठा असेल तर बहुतेक वेळा ईटाऐवजी फाय किंवा रेडियनऐवजी अंश अशी अदलाबदल झालेली असते.

मग पहिला कट, म्हणजे निवडीची अट: दोन्ही म्युऑनांचे भार विरुद्ध हवेत. झेडला भार नाही, म्हणून त्याच्या क्षयात एक धन आणि एक ऋणच निघणार. सारख्या भाराच्या जोड्या मात्र फेकून देऊ नका, वेगळ्या यादीत ठेवा. त्या कुठल्याही एका कणातून आलेल्या नसतात, योगायोगाने जुळलेल्या असतात. तसा योगायोग विरुद्ध भाराच्या जोड्यांमध्ये साधारण किती असेल, याचा अंदाज त्यांच्यावरून बांधता येतो.

पायरी ४: आलेख काढा आणि ओळखीचे चेहरे शोधा

वस्तुमानाचा हिस्टोग्राम काढा: वस्तुमानाच्या अक्षाचे लहान कप्पे (बिन) करा आणि प्रत्येकात किती जोड्या पडतात ते मोजा. दोन्ही अक्ष लॉगरिदमिक ठेवा आणि बिनही लॉगमध्ये समान अंतरावर घ्या, नाहीतर डावीकडची सगळी शिखरं एकमेकांत चेपली जातील.

३.१ जीईव्हीला एक उंच सुळका दिसेल. हा जे/साय. नोव्हेंबर १९७४ मध्ये ब्रुकहेवनला सॅम्युएल टिंग आणि स्टॅनफर्डला बर्टन रिक्टर यांच्या गटांना तो वेगवेगळ्या वाटांनी सापडला, आणि दोनच वर्षांत दोघांना नोबेल मिळालं. त्याच्या शेजारी ३.६९ ला त्याचा थोरला भाऊ, साय-प्राइम. पुढे ९.४६ पासून १०.३६ पर्यंत अप्सिलॉनची तीन शिखरं. बिन बारीक असतील तर ती सुटी दिसतात, जाड असतील तर एकच जाडजूड टेकाड दिसतं. आणि उजवीकडे ९१ वर झेड, जो १९८३ मध्ये सर्नमध्येच यूए-१ आणि यूए-२ या प्रयोगांनी शोधला.

पन्नासेक वर्षांच्या इतिहासातले हे मैलाचे दगड एका आलेखात, दहा-बारा ओळींच्या कोडमध्ये येतात. हा आलेख पहिल्यांदा स्वतः काढण्यात जी मजा आहे ती आयता बघण्यात नाही.

आता त्याच आलेखात काही रुंद फुगवटे आणि खळगेही दिसतील, जे कोणत्याच कणाच्या वस्तुमानाशी जुळत नाहीत. नवशिके इथे हमखास चमकतात. कारण आहे ट्रिगर. एलएचसीमध्ये २०१२ साली दर ५० नॅनोसेकंदांनी प्रोटॉनांचे पुंजके एकमेकांतून जात होते. ते सगळं साठवणं अशक्य. म्हणून डिटेक्टर क्षणात ठरवतो की हा इव्हेंट ठेवायचा की सोडायचा. २०१२ च्या एका प्रमुख ट्रिगरची अट होती: एका म्युऑनचा पीटी किमान १७ जीईव्ही आणि दुसऱ्याचा किमान ८. असे दोन म्युऑन एकमेकांच्या बरोबर उलट दिशांना गेले तर वस्तुमान येतं सुमारे २३ जीईव्ही. त्याखालच्या उलट दिशेच्या जोड्या या चाळणीतून गळून जातात, आणि आलेखाला तिथे निसर्गाने न दिलेला आकार येतो. आलेखात काही विचित्र दिसलं की पहिला प्रश्न हाच: हे ट्रिगरने केलं, माझ्या कटने केलं, की खरोखरच आहे?

पायरी ५: झेडवर हात बसवा

नवं काही शोधण्याआधी ओळखीचं नीट मोजता येतं हे सिद्ध करा. ७० ते ११० जीईव्हीचा भाग घ्या, जीईव्हीला दोन बिन ठेवा आणि झेडच्या शिखराला ब्राइट-विग्नर वक्र (अल्पायुषी कणाच्या शिखराचा ठरलेला आकार) बसवा. खाली हळूहळू उतरणारं बॅकग्राउंड धरायला एक साधी रेष किंवा घातांकी वक्र पुरे. शिखराची जागा ९१ च्या जवळ आली पाहिजे. रुंदी मात्र २.५ जीईव्हीपेक्षा बरीच जास्त येईल. झेडची खरी रुंदी २.४९५ च आहे. उरलेली डिटेक्टरच्या मोजणीतल्या धूसरपणाची. ब्राइट-विग्नर आणि गॉसियन (घंटेच्या आकाराचा वक्र) यांचं कॉन्व्होल्यूशन, म्हणजे नुसती बेरीज नव्हे तर पहिला दुसऱ्याने पसरवून मिळणारा वक्र, बसवा, ब्राइट-विग्नरची रुंदी २.४९५ ला बांधून टाका, आणि गॉसियनची जी रुंदी येईल ते तुमच्या डिटेक्टरचं रिझोल्यूशन. हा आकडा जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

शिखर ९०.९ ला आलं म्हणून झेडचं वस्तुमान नव्याने जाहीर करायचं नसतं. झेड इथे मोजपट्टी आहे. त्याचं वस्तुमान याच बोगद्यात आधी असलेल्या एलईपी यंत्राने ९१.१८७६ जीईव्ही इतकं नेमकं मोजून ठेवलं आहे, २ एमईव्हीच्या अनिश्चिततेसह. त्या मोजमापासाठी यंत्राची ऊर्जा इतकी अचूक माहीत असावी लागली की चंद्राच्या ओढीने २७ किलोमीटरच्या बोगद्याच्या परिघात पडणारा मिलिमीटरभराचा फरकसुद्धा हिशोबात धरावा लागला. जवळून जाणाऱ्या फ्रेंच वेगवान रेल्वेच्या जमिनीत झिरपणाऱ्या विजेचाही.

पायरी ६: आता वर चढा

११० च्या वर जायला मोठी फाइल हवी. पोर्टलवर २०१२ च्या बी आणि सी सत्रांतली ‘डबल म्यू पार्क्ड’ नावाची, फक्त म्युऑनांपुरती आटवलेली फाइल आहे: ६ कोटी १५ लाखांवर इव्हेंट, आकार सुमारे २ जीबी. (‘पार्क्ड’ म्हणजे त्या वेळी संगणकांना उसंत नव्हती म्हणून बाजूला ठेवून नंतर प्रक्रिया केलेला डेटा.) तीत सहाच रकाने आहेत: म्युऑनांची संख्या, पीटी, ईटा, फाय, वस्तुमान, भार. अपरूटने ती तुकड्यातुकड्याने वाचा. एकदम सगळी मेमरीत ओढली तर नोटबुक कोसळेल.

एका इव्हेंटमध्ये दोनाहून जास्त म्युऑन असतील तर सर्वांत जास्त पीटीचे दोन घ्या. प्रत्येक कटनंतर किती इव्हेंट उरले ते लिहून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण कोडमधल्या निम्म्या चुका याच तक्त्यात पकडल्या जातात.

आता २०० जीईव्हीच्या वरचा आलेख काढायच्या आधी थांबा. अजून बघू नका. आधी सगळे कट, बिनांच्या सीमा आणि बॅकग्राउंडची पद्धत कागदावर लिहा, आणि त्यांचा सराव २०० च्या खालीच करा. प्रयोगांमध्ये याला ब्लाइंड ॲनालिसिस म्हणतात. कारण सरळ आहे: आलेख दिसला की माणूस नकळत कट हलवतो. ‘पीटी ४५ ऐवजी ४८ केला तर टेकाड जरा उठून दिसतंय’ असं एकदा मनात आलं की त्या विश्लेषणावर कोणी विश्वास ठेवू नये, स्वतःसुद्धा.

कट काय घ्यावेत? ईटा २.४ च्या आत. दोन्ही म्युऑनांचे पीटी बऱ्यापैकी मोठे. सीएमएसने १३ टीईव्हीच्या टकरींतल्या झेड-प्राइमच्या शोधात ५३ जीईव्हीच्या वरचे घेतले होते. भार विरुद्ध. आणि एक कट असा, जो पुस्तकं वाचून सुचत नाही: दोन म्युऑनांमधला अवकाशातला कोन π पेक्षा (१८० अंशांपेक्षा) किमान ०.०२ रेडियनने कमी हवा. सीएमएस जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर आहे, तरी आकाशातून येणारे वैश्विक किरणांचे म्युऑन तिथवर पोचतात. असा एकच म्युऑन डिटेक्टरच्या मधून आरपार गेला तर तो वरच्या अर्ध्यात एक आणि खालच्या अर्ध्यात दुसरा, असा विरुद्ध भाराच्या जोडीसारखा दिसतो. तेही अगदी एका रेषेत, आणि वस्तुमान भरमसाट. नवशिक्याला सापडणारा पहिला ‘२ टीईव्हीचा कण’ बहुधा हाच असतो.

दुसरा सापळा वक्रतेचा. पीटी मोजतात तो चुंबकीय क्षेत्रात म्युऑनची वाट किती वाकली त्यावरून. सीएमएसचं क्षेत्र ३.८ टेस्ला. ४५ जीईव्हीच्या म्युऑनच्या वाटेची वक्रतात्रिज्या सुमारे ४० मीटर भरते, आणि ट्रॅकरच्या (वाट टिपणाऱ्या आतल्या भागाच्या) १.१ मीटर त्रिज्येत ही वाट सरळ रेषेपासून मध्यभागी सुमारे ३.८ मिलिमीटर सरकते. हे आरामात मोजता येतं. १००० जीईव्हीच्या म्युऑनसाठी त्रिज्या होते जवळजवळ ८८० मीटर, आणि सरक उरते ०.१७ मिलिमीटर. म्हणजे पीटी वाढेल तसं मोजमाप बिघडत जातं. शिवाय चूक वक्रतेत होते, आणि पीटी हा वक्रतेच्या व्यस्त. त्यामुळे चुकांची शेपटी जास्त पीटीच्या बाजूला लांब पसरते. वाट जवळजवळ सरळ दिसली की पीटी हवा तेवढा फुगतो, भारही उलटा वाचला जाऊ शकतो. आपल्या आटवलेल्या फाइलीत म्युऑनच्या दर्जाची किंवा तो एकटा आहे की जेटच्या (क्वार्कातून निघणाऱ्या कणांच्या झोताच्या) गर्दीत, याची माहिती नाही. म्हणून तीत असले खोटे जड इव्हेंट जास्त येणार. त्यांना गाळायचं असेल तर त्याच संचाची जास्त रकान्यांची फाइल पोर्टलवरून घ्या.

यातून बिनांची रुंदी ठरते. रिझोल्यूशनपेक्षा बारीक बिन घेण्यात अर्थ नाही, आणि रिझोल्यूशन वस्तुमानाबरोबर सैल होत जातं. म्हणून २०० ला ठेवलेला बिन १००० ला पुरत नाही. वर जाताना बिन रुंद करत जा.

पायरी ७: बॅकग्राउंड

वर गेल्यावर बहुतेक जोड्या कुठल्या कणाच्या शिखरातल्या नसतातच. एका प्रोटॉनमधला क्वार्क आणि दुसऱ्यातला प्रतिक्वार्क एकमेकांना नष्ट करून थेट म्युऑनांची जोडी देतात. या प्रक्रियेला ड्रेल-यान म्हणतात, आणि तिचा आलेख वस्तुमानाबरोबर वेगाने पण गुळगुळीत उतरतो. त्यात भर पडते टॉप क्वार्कांच्या जोडीची: दोन्ही टॉप मोडले, दोघांमधून एकेक म्युऑन निघाला. डब्ल्यू बोसॉनच्या जोड्याही थोड्या.

टॉपचा वाटा मोजायची एक झकास युक्ती आहे. टॉपच्या जोडीतून दोन म्युऑन जितक्यांदा निघतात, त्याच्या साधारण दुप्पट वेळा एक इलेक्ट्रॉन आणि एक म्युऑन निघतो. झेडमधून किंवा ड्रेल-यानमधून अशी मिश्र जोडी जवळपास निघतच नाही. म्हणून मिश्र जोड्या मोजा, डिटेक्टरच्या कार्यक्षमतेतला फरक धरून अर्ध्या करा, आणि टॉपचं बॅकग्राउंड डेटातूनच हाती आलं. सिम्युलेशनवर भरवसा ठेवायला नको.

आपल्या फाइलीत इलेक्ट्रॉन नाहीत, तेव्हा तूर्त सोपा मार्ग: एक घातांकी फल आणि वस्तुमानाचा कुठला तरी घात यांचा गुणाकार, असा गुळगुळीत वक्र २०० च्या वरच्या आलेखाला बसवा. बसवताना ज्या खिडकीत तुम्ही टेकाड शोधताय ती वगळा, नाहीतर वक्र टेकाडावरच चढून बसेल. आणि वक्र फार लवचिक ठेवू नका. पाच-सहा मोकळे गुणांक दिले तर तो प्रत्येक खाचखळग्याला मिठी मारतो आणि खरा कणही गिळून टाकतो.

पायरी ८: टेकाड दिसलं. आता?

या पायरीवर घाई करू नका.

समजा एका बिनमध्ये बॅकग्राउंडची अपेक्षा ४ आणि प्रत्यक्षात आले ९. झटपट हिशोब करणारा म्हणेल: ५ जास्त, भागिले ४ चं वर्गमूळ, म्हणजे अडीच सिग्मा (सिग्मा हे योगायोगाने होणाऱ्या नेहमीच्या चढउताराचं माप). पण एवढ्या लहान आकड्यांना गॉसियन लागू पडत नाही, लहान मोजणीसाठीचं पॉइसाँ वितरण वापरावं लागतं. ४ ची अपेक्षा असताना ९ किंवा त्याहून जास्त येण्याची संभाव्यता ०.०२१, म्हणजे जेमतेम दोन सिग्मा. वर्गमूळाच्या हिशोबाने तुम्ही हीच गोष्ट तिपटीहून जास्त दुर्मीळ समजून बसला असता.

पुढचा फटका त्याहून मोठा. असे ४० बिन असतील, आणि प्रत्येकात अशा उसळीची शक्यता ०.०२१ असेल, तर कुठल्या ना कुठल्या बिनमध्ये ती येण्याची शक्यता ५८ टक्के! म्हणजे ती न येण्यापेक्षा येण्याचीच शक्यता जास्त. एका ठरावीक जागी मोजलेल्या संभाव्यतेला लोकल म्हणतात, सगळीकडे शोधल्याची किंमत चुकती केल्यावर उरते ती ग्लोबल. शोधाचा दावा करायला पाच सिग्मा मागतात, म्हणजे योगायोगाची शक्यता ३५ लाखांत एक. हा हट्ट कोणाच्या लहरीतून आलेला नाही, तो पोळलेल्या तोंडांनी शिकवलेला आहे.

१९७६ मध्ये फर्मीलॅबला लिऑन लेडरमन यांच्या गटाला इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांत ६ जीईव्हीला काहीतरी दिसलं. नाव ठेवलं गेलं अप्सिलॉन. जास्त डेटा आला आणि ते विरून गेलं. सहकाऱ्यांनी त्याचं ‘ऊप्स-लिऑन’ करून टाकलं. पुढच्याच वर्षी त्याच गटाला ९.५ जीईव्हीच्या आसपास खरा कण सापडला आणि तेच नाव त्याला दिलं गेलं. तुमच्या आलेखातली ती तीन शिखरं हीच.

डिसेंबर २०१५ ची गोष्ट त्या मानाने अलीकडची. ॲटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांना दोन फोटॉनांच्या आलेखात ७५० जीईव्हीजवळ टेकाड दिसलं. ॲटलासचा लोकल आकडा साडेतीन सिग्माच्या वर होता. ग्लोबल मात्र दोनच्या आसपास. दोन स्वतंत्र प्रयोगांत एकाच जागी दिसल्यामुळे सैद्धांतिक मंडळींनी शेकडो शोधनिबंध लिहिले. ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागोच्या परिषदेत नवा डेटा मांडला गेला आणि टेकाड सपाट झालेलं होतं. कोणी लबाडी केली नव्हती, कोणाची मोठी चूकही नव्हती. दोन सिग्मा असेच वागतात.

तेव्हा तुमच्या आलेखात टेकाड आलं तर त्या बिनमधले इव्हेंट एकेक करून काढा. त्यांचे पीटी, ईटा, फाय बघा. सगळे डिटेक्टरच्या एकाच कोपऱ्यातले आहेत का? दोघांतल्या एकाचा पीटी दुसऱ्याच्या दसपट आहे का? जोडी नेमकी एका रेषेत आहे का? रुंदी तुमच्या रिझोल्यूशनपेक्षा कमी आहे का? कमी असेल तर तो कण असूच शकत नाही, कारण डिटेक्टर कुठलंही शिखर स्वतःच्या धूसरपणाहून बारीक दाखवू शकत नाही. शेवटी डेटाचे दोन भाग करा, फाइलीचा पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा, आणि टेकाड दोन्हीकडे आहे का ते पाहा.

पायरी ९: काहीच सापडलं नाही, तेही लिहा

बहुतेक शोध इथेच संपतात, आणि त्यांचाही निकाल लागतो. बॅकग्राउंड जवळजवळ शून्य असलेल्या भागात एकही इव्हेंट दिसला नाही, तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की अपेक्षित संख्या ३ पेक्षा कमी आहे. कारण अपेक्षा ३ असूनही शून्य येण्याची शक्यता ५ टक्केच असते. हे ३ डेटाच्या एकूण मोजमापाने, म्हणजे ल्युमिनॉसिटीने, आणि कार्यक्षमतेने (खऱ्या जोड्यांपैकी जेवढ्या हाती लागतात त्या प्रमाणाने) भागा. आपल्या फाइलीचा डेटा सुमारे ११.५ व्युत्क्रम फेम्टोबार्न (फेम्टोबार्न हे एखादी प्रक्रिया घडण्याच्या दराचं एकक, त्याचा व्यस्त हे डेटाच्या प्रमाणाचं); कार्यक्षमता समजा ६० टक्के. ३ भागिले ६.९, म्हणजे सुमारे ०.४३ फेम्टोबार्न. याहून जास्त वेळा तयार होऊन म्युऑनांत मोडणारा कण त्या भागात नाही, हे तुमचं विधान. सिद्धांताने सांगितलेला दर वस्तुमानाबरोबर उतरत जातो. तो तुमच्या रेषेला जिथे छेदतो तिथपर्यंतची वस्तुमानं बाद. २.९ टीईव्हीचा आकडा असाच आला होता, आणि पुढे १३ टीईव्हीच्या टकरींचा पूर्ण डेटा वापरून तो ५ टीईव्हीच्या थोडा वर गेला.

ल्युमिनॉसिटीचा आकडा थेट वापरण्यापेक्षा सीएमएसची रीत उचला: ६० ते १२० जीईव्हीमधले झेड मोजा आणि सगळं त्यांच्या प्रमाणात मांडा. झेडचा दर नेमका ठाऊक आहे, आणि दोन्हीकडे सारख्या असलेल्या चुका भागाकारात कटून जातात.

यानंतर

खुल्या डेटात खरं संशोधन होत नाही, असं समजू नका. २०१९ मध्ये सीएमएसबाहेरच्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी सीएमएसच्याच २०११ च्या खुल्या डेटात जास्त पीटीच्या म्युऑन-जोड्यांमध्ये नवे कण शोधले आणि निकाल प्रसिद्ध केले. कण नव्हता, पण अशा कोपऱ्यात बघितलं होतं जिथे आधी कोणी नीट बघितलं नव्हतं. जागा निवडण्यातली ही हुशारी शिकण्यासारखी आहे.

म्युऑनांचं काम हातात बसलं की चार लेप्टॉनांकडे (इथे इलेक्ट्रॉन आणि म्युऑन) वळा. २०११ आणि २०१२ च्या डेटातून १२५ जीईव्हीचं हिग्जचं शिखर काढून दाखवणारं उदाहरण पोर्टलवरच आहे. ॲटलासच्या १३ टीईव्हीच्या शैक्षणिक संचात टॉपच्या जोडीत मोडणाऱ्या झेड-प्राइमचं सिम्युलेशनही मिळतं. आपल्या पद्धतीला खरा कण दिसला असता का, हे तपासायला ते फार उपयोगी.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना माणसंही दूर नाहीत. मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयसर या दोन्ही संस्था सीएमएसमध्ये आहेत. सीएमएसच्या चुंबकाबाहेरचा हेड्रॉन कॅलरीमीटरचा जो थर आहे, त्याच्या उभारणीत टीआयएफआरचा मोठा वाटा आहे. टीआयएफआरचा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रमही आहे. अर्ज करताना किंवा कोणाला मेल पाठवताना ‘मला कणभौतिकीची आवड आहे’ एवढंच लिहू नका. झेडचा फिट, कट-तक्ता आणि २०० च्या वरचा आलेख जोडा, आणि एक नेमका प्रश्न विचारा, उदाहरणार्थ ‘माझं रिझोल्यूशन ईटा १.५ नंतर एवढं का बिघडतं?’ अशा मेलला उत्तर येण्याची शक्यता बरीच जास्त असते.